पंधरा बियांपैकी सात

१२ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज लिहून ठेवा. झोप किती, जेवण काय, दमायला कधी होतं. अंगात काही उरलेलं नाही असं वाटतं, म्हटल्यावर त्यांनी रक्त तपासलं. सगळं ठीक निघालं, म्हणून ही वही. दुकानात पडलेली दोन वर्षांपूर्वीची डायरी घेतली आहे. तिच्यातले वार चुकीचे आहेत, तेव्हा वार बघायचे नाहीत.

झोप चार तास. जेवण दहीभात. दमायला, उठल्यापासून.

ही, म्हणजे माझी बायको, तीन तारखेला गेली. मुलींच्या वसतिगृहात देखरेखीचं काम मिळालं आहे, दुसऱ्या गावी, बसने अडीच तास. सहा महिन्यांचं आहे, ऑगस्टमध्ये परत. जाताना दोन मोठ्या बॅगा आणि भिंतीवरचा तिच्या आईचा फोटो नेला. लोकरीचे कपडेही नेले. ते कशाला, कळलं नाही. ऑगस्टपर्यंत थंडी कुठली?

तिचे वडील इथेच राहिले. मुलींच्या वसतिगृहात पुरुषमाणूस चालत नाही म्हणे. म्हणजे आता घरात एक्याऐंशी वर्षांचे सासरे आणि चौपन्न वर्षांचा जावई. त्यांचं करायचं कुणी? मीच.

डॉक्टरीणबाईंनी झोपेच्या गोळ्यांचं एक पाकीट दिलं आहे. सासरे म्हणाले, "जावईबापू, ते माझ्या औषधांच्या डब्यात राहू द्या. मी रोज एक काढून देत जाईन. तुम्ही विसराल." मी विसरतो हे खरं आहे. दिलं. तेवढंच एक लक्षात ठेवायचं कमी.

१६ फेब्रुवारी

आज सतरा काचा घासल्या. पुढे मालक गिऱ्हाइकांना चष्म्याच्या फ्रेमा दाखवतो, मागच्या चिंचोळ्या खोलीत मी. काच यंत्राला लावायची, पाण्याच्या धारेखाली फ्रेमच्या मापाला आणायची, कड बोटाने तपासायची. तीस वर्षं हेच. पूर्वी काच हातात घेतली की नंबर सांगायचो. आता चिठ्ठी दोनदा वाचतो.

घरी आलो आणि बूट न काढता आडवा झालो. सासरे मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते.

"जावईबापू, हे मागचं अंगण किती लांब असेल?"

"मोजलं नाही कधी."

"चाळीस वर्षं बोटीवर स्वैपाक केला. भाजी म्हणजे गोणीतली नाहीतर डब्यातली. एकदा झाडावरचा पाला तोडून तसाच चुलीवर टाकायचा आहे."

"बाजारात मिळतो की पाला."

"बाजारात सगळं मिळतं. जावई मिळत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय."

मी डोळे मिटून घेतले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, पण खुर्चीवरून उठलेही नाहीत.

१९ फेब्रुवारी

शेवगा लावायचा ठरला आहे. ठरला म्हणजे त्यांनी ठरवला. म्हणतात, जिथे जिथे बोट लागली तिथे बंदराबाहेर हे झाड असायचंच. लवकर वाढतं, पाला ताकदीचा असतो, कुणी लाड केले नाहीत तरी जगतं. वर म्हणाले, "आपल्या दोघांसारखं." आपल्या दोघांपैकी कुणी लवकर वाढत नाही, असं मी म्हटलं. ते खूप हसले. मला हसू आलं नाही, पण वाक्य माझंच होतं.

शेजारी कपडे शिवणाऱ्या बाई राहतात. सासरे भिंतीपाशी जाऊन त्यांच्याकडून दोन वाळलेल्या शेंगा घेऊन आले. बराच वेळ गेले होते. एवढं काय बोलत होते कोण जाणे. शेंग पिळली की फुटते, आत काळपट, गोलसर बिया, प्रत्येकीला पापुद्र्याचे तीन पंख. सासऱ्यांना दिसत नाही, म्हणून मला मोजायला लावल्या. सत्तावीस.

बारा भिजत घातल्या. झोप पाच तास.

२० फेब्रुवारी

दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, तळाला भोकं पाडून, माती भरली. बोटाच्या दोन पेरांइतकं खोल एकेक बी. हे सगळं मीच केलं. सासरे खुर्चीत बसून हुकूम सोडत होते. बोटीवरही असंच करत असतील. कंबर धरली आहे.

२ मार्च

काही नाही. बारा पिशव्या, बाराही तशाच.

हिचा फोन आला. मला विचारलं, बरे आहात ना? मी म्हटलं, बरा आहे. मग बाबांना द्या म्हणाली. ते फोन घेऊन अंगणात गेले आणि वीस मिनिटं बोलत होते. बाप-लेकीचं असतं काहीतरी. मी आत पडून होतो. त्यांचं एकच वाक्य ऐकू आलं, "अजून नाही, तू घाई करू नकोस." बियांबद्दल असावं.

४ मार्च

एक पिशवी उपसून पाहिली. बी मऊ होऊन बोटाखाली चिरडली, वासही आला. दुसरीत तेच. बाराही कुजल्या.

मग शोध लागला. मी सकाळी दुकानात जायच्या आधी पाणी घालत होतो. सासरे संध्याकाळी घालत होते. आणि दुपारी भिंतीवरून शिवणवाल्या बाई पाइप सोडत होत्या, कारण "दोन पुरुषमाणसांच्या लक्षात कुठलं राहणार?" तिघांनी मिळून बुडवल्या.

बाई तोंडावर पदर धरून हसत होत्या. मला राग येईल असं वाटलं होतं, पण राग यायलासुद्धा ताकद लागते. मी आत जाऊन पडलो.

थोड्या वेळाने सासरे पलंगाशी आले. "पंधरा उरल्यात," म्हणाले.

"नको आता."

"बोटीवर भात करपला तर चाळीस माणसांना नको आता म्हणून सांगता येत नाही. दुसरा टाकावा लागतो."

"इथे चाळीस माणसं नाहीत."

"एक आहे ना," म्हणाले. स्वतःबद्दल बोलत होते. म्हाताऱ्या माणसाला खाण्याची वासना फार.

६ मार्च

पंधरा बिया लावल्या. नवा नियम: पाणी फक्त मी घालायचं. रोज सकाळी बोट मातीत घालून ओल किती ते बघायचं आणि खुर्चीपाशी येऊन सांगायचं. त्यांना दिसत नाही आणि बोटं बधिर झालीत म्हणतात. त्यांच्या चष्म्याच्या काचा मीच मागच्या वर्षी घासल्या आहेत. नंबर काही एवढा मोठा नाही. मोतीबिंदू वाढला असेल. डॉक्टरकडे न्यायला हवं, हे आणखी एक.

साडेसहाला उठावं लागतं. पूर्वी पावणेनऊला उठून तसाच दुकानात जायचो.

१४ मार्च

आलं. एक आलं. माती जरा फुगल्यासारखी दिसत होती, म्हणून खाली वाकून पाहिलं, तर हिरवा आकडा. मान खाली घातलेली, डोक्यावर बीचं साल टोपीसारखं.

मी खुर्चीपाशी गेलो आणि सांगितलं.

"कसं आहे? नीट सांगा, मला दिसत नाही."

सांगितलं. देठ कसा, रंग कसा, उंची किती, कुठल्या बाजूला वाकलं आहे. बराच वेळ सांगत होतो. दुकानात जायला दहा मिनिटं उशीर झाला.

२१ मार्च

पंधरांपैकी सात आली. बाकीची येतील असं वाटत नाही. एक सरळ उभं आहे, दोन वाकडी, एकाची पानं फिकी. मी त्यांना नावं ठेवलेली नाहीत. सासऱ्यांनी ठेवली आहेत, त्यांच्या जुन्या कप्तानांची. फिकट पानांचा तो दारूडा कप्तान.

झोप साडेपाच तास. काल रात्री गोळी मागायची राहिली.

२७ मार्च

आज दुकानात नको ते झालं. एका बाईंचा चष्मा दिला होता, तो घेऊन त्या परत आल्या. जिना उतरताना पडल्या, गुडघा फुटला. डाव्या डोळ्याची काच उजवीकडे आणि उजव्याची डावीकडे बसवली होती. मी.

तीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्या ओरडल्या नाहीत. "माझ्याच डोळ्यांत काही बिघडलं असं वाटून मी आठ दिवस घाबरून होते," एवढंच म्हणाल्या.

त्या गेल्यावर मालक मागच्या खोलीत आला. त्याच्या वडिलांच्या वेळेपासून मी आहे, म्हणून तो मला काका म्हणतो. स्टुलावर बसला.

"काका, तुम्हाला थोडे दिवस सुट्टी हवी का?"

"नको. घरी बसलो तर..."

"तर काय?"

मी पुढची काच उचलून यंत्राला लावली. तो म्हणाला, दोन महिने बघू. प्रत्येक चष्मा तो स्वतः तपासून मगच देणार. नाही जमलं तर मग बोलू.

घरी येऊन सासऱ्यांना सांगणार नव्हतो, पण ताटावर बसल्यावर त्यांनी विचारलं, आज काय झालं? म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? म्हणाले, तुम्ही चमचा धरलाय आणि भात ताटातच आहे. मग सांगितलं. ऐकून घेतलं. समजूतबिमजूत काढली नाही. मग त्यांच्या हातून एकदा साखरेऐवजी मीठ घातलेली खीर कप्तानाच्या पाहुण्यांना गेली होती, त्याची गोष्ट सांगितली. एक पाहुणी दोन वाट्या खाऊन गेली म्हणे, सभ्यपणापायी.

२९ मार्च

झोप दोन तास. सकाळी उठलो नाही. सासऱ्यांनी तीन हाका मारल्या. तिसऱ्या हाकेला आवाज वेगळा आला, म्हणून उठलो, तर दारात उभे, काठीसुद्धा न घेता. म्हटलं, काय झालं? म्हणाले, "काही नाही. ओल बघायची राहिली आहे."

हट्टी माणूस. मला सुट्टीच्या दिवशीही झोपू देत नाही.

८ एप्रिल

आईला जाऊन आज दोन वर्षं. तीन वर्षं अंथरुणावर होती. कूस बदलणं, भरवणं, पुसणं सगळं मीच केलं. तेव्हा दमलो नव्हतो. ती गेल्यावर दमायला लागलो. ही म्हणायची, "तुम्ही घरात असता, पण नसता." मी म्हणायचो, होईल ठीक. ती दोन वर्षं वाट बघत होती, मी ठीक होण्याची.

१२ एप्रिल

रोपं वीत-दीड वीत झाली. त्यांचं सोटमूळ लांब जातं, पिशवीत ठेवली तर मूळ वळतं, म्हणून आज जमिनीत लावली. सात खड्डे, प्रत्येक गुडघाभर खोल. पहिल्या खड्ड्यात अर्धा तास गेला. खाली विटांचे तुकडे निघाले. शिवणवाल्या बाईंनी भिंतीवरून पहार दिली आणि तिथेच उभ्या राहून बघत होत्या. पाच खड्डे झाल्यावर पहार टाकून खाली बसलो.

पिशवी फाडताना दारूड्या कप्तानाचं मूळ तुटलं. काडकन आवाज आला, एवढ्याशा मुळाचा. लावलं तरी. जगणार नाही.

बाई बोलता बोलता म्हणाल्या, "आजोबा आहेत म्हणून माझं काम होतं हो. मला आता सुईत दोरा ओवता येत नाही, ते दुपारी येऊन दहा-बारा सुया ओवून देतात."

सासऱ्यांना? सुईत दोरा? त्यांना झाड दिसत नाही. बाईंसमोर ऐट करत असतील. अंदाजाने ओवत असतील, कुणी सांगावं.

१३ एप्रिल

गोळी न घेता साडेसात तास झोपलो. सकाळी सगळं अंग दुखत होतं.

१९ एप्रिल

सासऱ्यांनी गोळ्यांचं पाकीट परत दिलं. म्हणाले, "ठेवा तुमच्याजवळ. माझ्या डब्यात गर्दी होतेय." सहा गोळ्या उरल्यात. कपाटात टाकल्या. आपलंच काहीतरी चालू असतं त्यांचं, आधी द्या, मग घ्या.

दारूडा कप्तान गेला. सहा राहिली.

३० एप्रिल

केसाळ अळ्या. एका झाडाची पानं रात्रीत साफ. सकाळी काडीने एकेक काढून साबणाच्या पाण्यात टाकल्या, त्रेसष्ट. मान अवघडली. दुकानात मालक म्हणाला, "काका, महिनाभर एकही चष्मा परत आला नाही." मी म्हटलं, अळ्या वेचून नजर बसली. त्याला काही कळलं नाही.

९ मे

आज मी सासऱ्यांवर ओरडलो. लिहायचं नव्हतं, पण डॉक्टरीणबाईंनी दमायचं कारण लिहा म्हटलं आहे.

झाडं माझ्या छातीपर्यंत आली आहेत. सासरे म्हणाले, आता शेंडे खुडायचे. शेंडा खुडला की बाजूने फांद्या फुटतात, नाहीतर झाड नुसतं उंच जातं आणि पाला हाताला येत नाही. त्यांनी कात्री पुढे केली. मी पहिल्या झाडापाशी गेलो, शेंडा धरला. कोवळा, लालसर, बोटात मावणारा. कापवेना.

"कापा," म्हणाले.

"नाही होत."

"त्याला काही होत नाही हो. दोन आठवड्यांत चार शेंडे येतील."

तेव्हा ते झालं. मी ओरडलो, "मी काय काय करायचं? उपसायचं, लावायचं, अळ्या काढायच्या, एवढं वाढवून आता कापायचं! आणि कुणासाठी? ती येणार आहे का खायला?"

भिंतीपलीकडचं शिवणयंत्र थांबलं.

सासरे चष्मा काढून सदऱ्याला पुसत राहिले.

ते वाक्य तोंडातून कसं गेलं, कळत नाही. ती ऑगस्टमध्ये येणारच आहे. उगाच म्हाताऱ्या माणसाला टाकून बोललो. त्यांच्या लेकीबद्दल असं ऐकून त्यांना काय वाटलं असेल?

संध्याकाळी खुर्चीपाशी जाऊन म्हटलं, चुकलं. ते म्हणाले, "आवाज चांगला आहे तुमचा. दोन वर्षांत ऐकला नव्हता."

१० मे

सहाही शेंडे खुडले.

२६ मे

जिथे कापलं तिथून खरंच फुटलं. एकेका झाडाला तीन-चार फांद्या.

पहिला पाला काढला. मोठी परडीभर. मग कळलं की खरं काम पुढेच असतं. देठावरून बारकी पानं ओरबाडायची, एकही काडी राहता कामा नये, नाहीतर दातात अडकते. सासऱ्यांना दात नाहीत, तरी काडीबद्दल त्यांचा फार कटाक्ष. दीड तास दोघं पेपर पसरून बसलो होतो. परडीभर पाल्याची ओंजळभर पानं झाली, आणि कढईत टाकल्यावर त्या ओंजळीची मूठ.

शिजवताना मात्र त्यांनी मला हात लावू दिला नाही. काठी भिंतीला टेकवली आणि चुलीपुढे असे उभे राहिले की वीस वर्षं गळून पडली. कांदा, लसूण, पाला, वरून दोन अंडी फोडून. आच किती, मीठ किती, काही विचारलं नाही. फोडणीतला कांदा लाल झाला हे त्यांना कसं दिसलं, हा प्रश्न मला नंतर पडला.

मी दोनदा घेतलं. मान वर केली तर ते जेवत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

"तुम्ही घ्या ना," म्हटलं. "तुमच्यासाठीच केलं."

"झालं माझं," म्हणाले. ताट तसंच होतं. एवढा अट्टहास करून चार घास खाल्ले नाहीत.

झोप सात तास. जेवण वर लिहिलं आहे.

८ जून

ही आली. सकाळच्या बसने, न कळवता. बाबांना न्यायला आले म्हणाली.

केस कापले आहेत तिने. चांगली दिसते. मी तसं म्हटलं, तर दचकून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तुमचं वजन वाढलंय."

"बाबांनी शिजवलं."

अंगणात जाऊन सहाही झाडांपाशी थांबली. एका पानाला हात लावला. मी तिला बारा बियांचं सांगितलं, तिघांनी पाणी घातल्याचं, आणि ती हसली. कितीतरी दिवसांनी तिला हसताना बघत होतो. ओल कशी बघायची, अळ्या कुठे बसतात, शेंडा कुठून खुडायचा, सगळं सांगत गेलो. ती ऐकत होती आणि मधेच डोळ्याला पदर लावला. धूळ फार आहे मागे.

बॅग भरताना म्हणाली, तिथे तिला पहिल्यापासून दोन खोल्या आहेत, बाबांची सोय होईल.

"पण पुरुषमाणूस चालत नाही ना?" मी विचारलं.

तिने बाबांकडे पाहिलं. बाबा चष्म्याचं घर शोधत होते, ते त्यांच्या हातातच होतं.

"नियम बदलला," ते म्हणाले.

नियम बदलला असेल.

जाताना म्हणाले, "जावईबापू, पाला खाऊन झाला, हौस फिटली. आता लेकीकडे बसून आयतं खातो." रिक्षात बसताना त्यांनी माझ्या दंडाला घट्ट धरलं. हाताला अजून बरीच पकड आहे. बोटं बधिर झालीत म्हणतात.

१२ जून

भात. झोप पाच.

१३ जून

ब्रेड.

१६ जून

काही शिजवलं नाही. घरात आवाज नाही. म्हाताऱ्याचा खोकला नाही, हुकूम नाही. मला वाटलं होतं सुटल्यासारखं होईल. सकाळी साडेसहालाच जाग आली. ओल बघितली आणि सांगायला वळलो, तर खुर्ची रिकामी. ओल बेताची होती. म्हटलं मोठ्याने, "बेताची आहे." स्वतःचाच आवाज ऐकून चमकलो.

२० जून

मालक म्हणाला, दोन महिने होऊन गेले काका, आता मी चष्मे तपासत नाही. मी म्हटलं, तपासत जा. तो म्हणाला, नको.

पाला फार वाढला आहे. एकट्याला संपत नाही. उद्या सुट्टी आहे. तिकडे घेऊन जावा म्हणतो.

२१ जून

सकाळी खुडला, ओल्या कापडात गुंडाळला, बसमध्ये मांडीवर ठेवला. अडीच तासांत अर्धा कोमेजला.

वसतिगृहाच्या फाटकाशी दोन मुली होत्या. कुणाला भेटायचंय, विचारलं. तुमच्या बाई, म्हटलं. तुम्ही कोण? मी म्हटलं, पाला घेऊन आलोय.

दोन खोल्या, स्वच्छ. खिडकीला पडदे, तिनेच शिवलेले. तिच्या आईचा फोटो भिंतीवर, खिळा पक्का ठोकलेला. लोकरीचे कपडे कपाटात नीट रचलेले, दार उघडं होतं म्हणून दिसले. सासरे खिडकीशी पेपर वाचत बसले होते. चष्मा कपाळावर होता.

तिघं पेपर पसरून पाला निवडायला बसलो. थोड्या वेळाने सासऱ्यांचे डोळे मिटले. घोरत नव्हते. एरवी फार घोरतात.

ही म्हणाली, "बाबांना मी पहिल्याच आठवड्यात चला म्हणाले होते. ते म्हणाले, तू जा, मी थोडे दिवस थांबतो."

"का?"

"ते तुम्ही त्यांनाच विचारा."

सासरे डोळे न उघडता म्हणाले, "तुमच्याकडे अंगण आहे."

ते खरंच आहे. इथे नुसती गॅलरी आहे.

ती पानं ओरबाडत होती, मी काड्या वेचत होतो. तिच्या हाताकडे बघत मी विचारलं, "तू ऑगस्टमध्ये येणार नाहीस ना?"

तिचा हात थांबला. "नाही," म्हणाली. मग म्हणाली, "तुम्ही विचाराल असं वाटलं नव्हतं."

"उशीर झाला मला."

"हो."

एवढंच. रडली नाही, मीही नाही. पेपरवरचा ढीग अजून निम्माच झाला होता, तो पुरा केला. तिने पानं धुतली आणि म्हणाली, "परतीची बस कधी आहे?" साडेपाच, म्हटलं. "मग जेवून जा."

जेवलो. सासरे दोनदा घेऊन जेवले, आज ताट चाटूनपुसून. निघताना ती फाटकापर्यंत आली. म्हणाली, "झाडांना सांभाळा." मग जरा थांबून, "स्वतःला पण."

परतीच्या बसमध्ये जागा नव्हती. अडीच तास उभा. दमलो आहे.

२२ जून

सकाळी शिवणवाल्या बाईंनी भिंतीवरून विचारलं, "काय भाऊ, वहिनी कधी येतायत?" नेहमीचाच प्रश्न, दर आठवड्याला विचारतात. मी नेहमी ऑगस्ट म्हणतो.

"नाही येणार," म्हटलं.

त्या एक शिलाई उसवत होत्या. मान वर केली नाही. "माहीत आहे हो," म्हणाल्या. "तुम्ही कधी म्हणताय, याची वाट बघत होते."

उसवलेला दोरा ओढून काढत त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या कोपऱ्यातल्या झाडाचा पाला जून व्हायला लागलाय. तोडा, नाहीतर कडू होईल."

दुकानातून आल्यावर तोडला. निम्मा भिंतीवरून त्यांना दिला. निम्मा खुर्चीत बसून निवडला, एकट्याला सव्वा तास लागला. कांदा जरा जास्त लाल झाला. अंडी दोनच होती, दोन्ही घातली.

भाजी उरली आहे. झाकून ठेवली. सकाळी खाईन.